ॲनिमेशनपटांतला छुपा खलनायक दुसऱ्यांदा बघताना खरंच दिसतो, की शेवट माहीत असल्यामुळे आपल्याला तसं वाटतं?

दिसतो. मला तो माझ्या पाच वर्षांच्या भाचीने दाखवला.

'फ्रोझन' (२०१३) थेटरात पाहिला तेव्हा मी त्यातल्या राजपुत्र हान्सवर फिदा होते. तो राजकन्या ॲनाला गारठून मरायला खोलीत कोंडून जातो तेव्हा शेजारी बसलेला दादा उसळला, "शेवटी कोणीतरी वाईट हवा म्हणून याला पकडला!" मलाही ते पटलं.

लॉकडाऊनमध्ये दादाची लेक तोच पिक्चर रोज लावायची. बर्फाच्या महालात ड्यूक नावाच्या पाहुण्या सरदाराचा माणूस ॲनाच्या बहिणीवर, राणी एल्सावर, क्रॉसबो रोखतो. हान्स धावत जाऊन तो वर ढकलतो, बाण झुंबराला लागतो, झुंबर कोसळतं. वरणभाताचा घास गालात तसाच धरून पोरगी म्हणाली, "आत्या, त्याने आधी वर बघितलं."

दादा म्हणाला, "जेव गपचूप."

मी मागे घेऊन पाहिलं. खरंच बघतो! एक क्षण झुंबराकडे, मग धावतो. आपण समजतो वाचवलं, आणि झुंबर येतं ते एल्साच्याच अंगावर. मग बाकीचंही खुपायला लागलं. डोक्यावर १२ मोठे भाऊ, म्हणजे गादीला याचा नंबर लागणारच नाही. आयुष्यभर आपली जागा शोधतोय, असं तो गाण्यात उघड सांगतो, आणि आपण त्याला प्रेम समजतो.

तर संवाद सोडा, नजर बघा. दादा हे आजही मानत नाही. "मी माणूस एका भेटीत ओळखतो" हे त्याचं पालुपद. दुकानातला भागीदारही असाच एका भेटीत ओळखला होता. पुढचं विचारू नका.

हां, दादाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. पहिल्या भेटीत होडीसकट पाण्यात पडल्यावर, ॲना निघून गेलेली असताना, हान्स एकटाच गोड हसतो. बघणारं कोणी नाही, मग नाटक कोणासाठी? ती लेखकांची लबाडीच. 'कोको'त (२०१७) असली लबाडी नाही. त्यातला नामांकित गायक एर्नेस्तो आपल्याच सिनेमात विषाच्या पेल्याचा सीन करतो, आणि त्याचा जुना साथीदार हेक्टर चोरिझो (मसालेदार सॉसेज) खाऊन मेला म्हणून आपण हसत बसतो. विष त्यानेच दिलेलं असतं. सगळं समोर मांडलेलं. दादाने तो एकदाच पाहिला, ढसाढसा रडला, पुन्हा बघायला तयार नाही.

भाची आता मोठी झालीय. परवा म्हणाली, "बाबा, झुंबराचा सीन लावू?"

दादा म्हणाला, मॅच आहे.