वाचकांचे प्रश्न: पावसाळ्यात बोटीचं मशीन कसं ठेवायचं?

प्रश्न: नमस्कार काका, मालवणला माझी छोटी फायबरची होडी आहे, मागे बाहेरून लावायचं ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन (आउटबोर्ड) आहे. १ जूनला मासेमारीबंदी लागली की मशीन उतरवून पडवीत ठेवतो ते नारळी पौर्णिमेनंतरच बाहेर काढतो. मागच्या मोसमात दोरी ओढून ओढून हात गेले तरी चालू होईना. यूट्यूबवर परदेशातले लोक इंजिनात अँटीफ्रीझ भरून ठेवतात, आपणपण भरायचं का?
(एक वाचक, मालवण)

उत्तर: दादा, अँटीफ्रीझवर पैसे घालवू नका. तिकडे थंडीत पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो म्हणून ते भरतात. कोकणात ती भीतीच नाही. आपलं मशीन खातो तो खार आणि पावसाळ्यातली दमट हवा, तेव्हा मेहनत करायची ती या दोघांसाठी.

पहिलं काम गोड्या पाण्याचं. बरेच जण वरून दोन बादल्या पाणी ओततात आणि झालं म्हणतात, पण मीठ बसलेलं असतं आत, कूलिंगच्या वाटांमध्ये. मशीन उभं स्टँडला लावा, पाय पिंपात सोडा, पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर आलं पाहिजे, आणि न्यूट्रलमध्ये मंद १०-१५ मिनिटं चालवा. एवढा वेळ का, तर मशीन गरम झाल्याशिवाय थर्मोस्टॅट नीट उघडत नाही आणि तो उघडल्याशिवाय गोडं पाणी सगळीकडे पोचत नाही. बाजूने पाण्याची धार पडतेय ना ते बघत राहा. हे अंगणात करा, पडवीत नको, धूर विषारी असतो. आणि एक सेकंदभर बघू म्हणून कोरडं स्टार्ट अजिबात करू नका, पाणी ओढणारं चक्र, म्हणजे इंपेलर, रबराचा आहे, पाणी नसलं की लगेच जळायला लागतो.

आता पेट्रोल, आणि मला वाटतं तुमचा हाताचा त्रास इथूनच आला. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि फार ओढलं की पाणी नि इथेनॉल दोन्ही वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. तुम्ही पेट्रोलमध्ये मिसळता ते २टी (टू-स्ट्रोक) ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे टाकीच्या तळातून पाइप जे ओढणार त्यात वंगणच नाही! म्हणून मिक्स केलेलं पेट्रोल दोन महिने ठेवायचंच नाही, शेवटच्या फेऱ्यांना बेताने मिक्स करा. पिंपात मशीन चालू असतानाच पेट्रोलचा पाइप काढा, आपोआप बंद पडेल. तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडं उरतंच, खालचा स्क्रू सोडून तेही काढा, नाहीतर त्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो.

मग स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर २टी ऑइल सोडा, दोरी हळू चार-पाच वेळा ओढा म्हणजे आत सगळीकडे फिल्म बसते, आणि प्लग परत लावा. महिन्यातून एकदा असंच हलकं फिरवलं तर अजून चांगलं.

गिअर ऑइल ऑगस्टवर ढकलू नका, आत्ताच बदला. खालचा स्क्रू आधी, मग वरचा. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी शिरलंय, सील गेलाय, आणि ते पाणी दोन महिने गिअरवर बसून राहणार. प्रोपेलर काढून शाफ्टला तंगूस गुंडाळलंय का बघा, तोच सील कापतो. शाफ्टला मरीन ग्रीस लावा. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरत जा, वरून येईपर्यंत.

ठेवताना उभंच ठेवा, सगळं पाणी गळून जाऊ दे. वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडून घाम सुटतो. जुनी सुती चादर पुरे. वायरी उंदीर कुरतडतात, तेवढं लक्ष असू दे.

प्रश्न: काका, हर्णैला बाबांची बोट आहे, इनबोर्ड डिझेल, म्हणजे इंजिन बोटीच्या आतच बसवलेलं. टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवायची की रिकामी?
(एक वाचक, दापोली)

उत्तर: ताई, लोखंडी टाकी असेल तर जवळपास भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेतलं पाणी टाकीच्या भिंतींवर जमतं, खाली बसतं, आणि पाणी नि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते. आधी वॉटर सेपरेटरमधलं (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) पाणी काढायला सांगा. इंजिन ऑइल बंद करताना बदला, चालू करताना नाही, वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. समुद्राच्या पाण्याच्या बाजूला गोडं पाणी फिरवून ते काढून टाका, इंपेलर काढून घरी ठेवा, महिनोन् महिने दाबात राहिला की पाती वाकतात. बंद सर्किटमध्ये कूलंट असेल तर तो मात्र राहू द्या, तिथे तो गंज धरू देत नाही. एक्झॉस्टच्या तोंडात फडका कोंबा आणि स्टार्टरच्या चावीला चिठ्ठी बांधा, "फडका काढ, इंपेलर बसव".