निकालाची आठवण विचारताना

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी प्रश्नावली दोनदा वाचली. ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉलपटूवर त्याची घटस्फोटित गोरी पत्नी निकोल आणि तिचा मित्र यांच्या खुनाचा खटला चालला, त्याचा निकाल अमेरिकेतल्या सामान्य माणसांना आज कसा आठवतो, हा विषय तू घेतलास याचा मला मनापासून आनंद आहे. पण तुझा पहिलाच प्रश्न खटकला. 'निकाल ऐकला तेव्हा तुम्ही कुठे होता?' तो काढून टाकू नकोस, पण सुरुवातीलाही ठेवू नकोस आणि त्याच्या उत्तरावर फार विसंबू नकोस.

कारण सांगतो. सिम्पसनला निर्दोष ठरवणारा निकाल ३ ऑक्टोबर १९९५ ला वाचला गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी सॅन डिएगोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतलं होतं. पुढे काहींना १५ महिन्यांनी आणि काहींना ३२ महिन्यांनी तेच पुन्हा विचारलं. १५ महिन्यांनंतर निम्म्या आठवणी मूळ उत्तराशी नीट जुळल्या आणि मोठी गफलत ११ टक्क्यांमध्ये निघाली. ३२ महिन्यांनंतर नीट जुळणाऱ्या आठवणी २९ टक्क्यांवर आल्या आणि मोठ्या गफलती ४० टक्क्यांच्या वर गेल्या. तू तर तीस वर्षांनी विचारायला निघाली आहेस.

म्हणून काम सोडायचं कारण नाही. विचारण्याची दिशा बदल, एवढंच.

एक गोष्ट लक्षात घे. जॉन केनेडींच्या हत्येची बातमी लोकांवर अचानक कोसळली होती. इथे तसं झालं नाही. ज्यूरीने सोमवारी चार तासांच्या आतच निर्णय केला आणि न्यायाधीश लान्स इटो यांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता वाचायचं ठरवलं. अख्ख्या देशाला एक रात्र मिळाली. माणसं ठरवून टीव्हीसमोर जमली. त्यामुळे जागेपेक्षा सोबत कोण होतं, हे जास्त महत्त्वाचं. कोणाशेजारी बसला होता? निकाल ऐकल्यावर आधी कोणाकडे पाहिलंत? खोलीत कोणी गप्प राहिलं का? असं विचार.

यात तुला सगळ्यात मोठी अडचण येईल ती टीव्हीवरच्या चित्रांची. त्या दिवशी आणि नंतर कितीतरी वेळा दोन दृश्यं शेजारी शेजारी दाखवली गेली: एकीकडे जल्लोष करणारी कृष्णवर्णीय माणसं, दुसरीकडे सुन्न झालेली गोरी माणसं. ती दृश्यं खरीच होती. पण कॅमेरा जिथे नव्हता तिथेही माणसं होती. जल्लोष न केलेले कृष्णवर्णीय होते, निकाल पटलेले गोरेही होते. तीस वर्षांत ती चित्रं इतकी मुरली आहेत की माणूस स्वतःच्या खोलीबद्दल बोलतो आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो टीव्हीवरची खोली सांगत असतो. 'सगळे ओरडले' असं कोणी म्हणालं की थांब आणि विचार, सगळे म्हणजे कोण कोण?

सुरुवातीचा प्रश्न मी असा ठेवीन: 'या निकालाआधीचा कोणता निकाल तुम्हाला आठवतो?' लॉस एंजलिसमधल्या कृष्णवर्णीय माणसाची गोष्ट बहुधा १९९५ च्या आधीच सुरू होईल. मार्च १९९१ मध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेली मारहाण व्हिडिओवर सगळ्यांनी पाहिली होती. त्याच महिन्यात लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला एका दुकानात गोळी घालून मारलं गेलं आणि गोळी घालणाऱ्या दुकानदार बाईला तुरुंगवास झालाच नाही. एप्रिल १९९२ मध्ये किंगला मारणाऱ्या पोलिसांवर दोष ठेवायला ज्यूरीने नकार दिला आणि शहर पेटलं. साठाहून अधिक माणसं गेली. हे मनात ठेवून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या कानावर सिम्पसनविरुद्ध साक्ष दिलेल्या मार्क फर्मन या पोलीस अधिकाऱ्याच्या बोलण्याच्या टेप्स पडल्या होत्या. त्यात तो वर्णद्वेषी शिव्या देताना ऐकू येतो, आणि कृष्णवर्णीयांसाठीची तशी शिवी आपण गेल्या दहा वर्षांत वापरली नाही असं त्याने न्यायालयात शपथेवर सांगितलेलं होतं. त्या माणसाचा आनंद सिम्पसनसाठी होता असं गृहीत धरू नकोस. त्यालाच विचार.

बायकांशी सावकाश बोल, घाई अजिबात नको. १९८९ मध्ये निकोलला मारहाण केल्याच्या आरोपाला सिम्पसनने न्यायालयात विरोध केला नव्हता. १९९३ मध्ये तिने पोलिसांना मदतीसाठी केलेला फोन नंतर सगळ्यांनी ऐकला. घरात मार खाल्लेल्या बाईला त्या निकालातून काय ऐकू आलं असेल? काळे आणि गोरे या दोनच रकान्यांत ही बाई हरवते. तुझ्या तक्त्यात सध्या तेच दोन रकाने आहेत, ते बदल.

आठवणींत जोडकामही सापडेल. खुनाच्या पुराव्यातला हातमोजा सिम्पसनने न्यायालयात घालून पाहिला जूनमध्ये, आणि तो बसत नसेल तर आरोपीला सोडून द्या, हे त्याचे वकील जॉनी कॉक्रन यांचं यमकदार वाक्य आलं सप्टेंबरअखेरच्या युक्तिवादात. लोक दोन्ही एकाच दिवशी पाहिल्याचं सांगतील. कोणी म्हणेल की सिम्पसनला नंतर याच खुनांसाठी तुरुंगात टाकलं. तसं नाही. १९९७ च्या दिवाणी निकालात ज्यूरीने त्याला या मृत्यूंना जबाबदार धरलं आणि एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर द्यायला सांगितले. तुरुंगवास झाला तो लास व्हेगासमधल्या दरोड्यासाठी, २००८ मध्ये. बोलणाऱ्याला मध्ये तोडून दुरुस्त करू नकोस. चूक जशीच्या तशी उतरव आणि समासात तारीख लिही.

ज्यूरीबद्दल कोणी रागाने बोललं तर एक माहिती जवळ असू दे. अटकेआधी सिम्पसन ज्या पांढऱ्या ब्रॉन्को गाडीत होता तिचा पोलिसांनी केलेला पाठलाग कोट्यवधी लोकांनी टीव्हीवर थेट पाहिला, पण सरकारी वकिलांनी तो पुरावा म्हणून ज्यूरीसमोर ठेवलाच नाही. फर्मनच्या टेप्समधलेही थोडेच तुकडे ज्यूरीच्या कानावर गेले. जानेवारीपासून हॉटेलात वेगळं ठेवलेल्या त्या बारा जणांनी जो खटला पाहिला आणि बाहेरच्यांनी जो पाहिला, ते दोन वेगळे खटले होते.

तुझ्या चोवीस प्रश्नांत निकोल ब्राउन सिम्पसन आणि रॉन गोल्डमन यांची नावं एकदाही नाहीत. १२ जून १९९४ च्या रात्री ही दोन माणसं मारली गेली. रॉन पंचवीस वर्षांचा होता. निकोलच्या आईचा चष्मा रेस्टॉरंटमध्ये राहिला होता, तो परत द्यायला रॉन निकोलकडे गेला होता. त्या दोघांबद्दल काय आठवतं, हा प्रश्न घाल. उत्तर कोरं आलं तर तेही नोंदव.

पहिल्या तीन मुलाखती उतरवून झाल्या की पाठव. प्रश्नावली त्यानंतर पक्की करू. तोवर छापून घेऊ नकोस.

तुझा,
सर