सहा अटेम्प्ट कुणाचे?

प्रश्न: मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वय 21, ओपन कॅटेगरी. तिने आयएएस होऊन दिल्लीत केंद्रीय सचिव व्हावं असं आम्ही ठरवलंय. एम.एस्सी.चं खूळ सोडायला लावलं. घाई नाही, 32 पर्यंत वेळ आहे, सगळे अटेम्प्ट द्यायला लावू. क्लास कोणता चांगला? – एक पालक, सांगली

उत्तर: ‘ठरवलंय’, ‘सोडायला लावलं’, ‘द्यायला लावू’. मुलीला काय वाटतं यावर मात्र एक वाक्य नाही. ज्याला तुम्ही खूळ म्हणता, तेवढी एकच गोष्ट या पत्रात तिची स्वतःची आहे. त्यामुळे क्लासचं नाव मी देणार नाही. पूर्व, मुख्य, मुलाखत हा रस्ता तिला माहीत असेलच. ओपनला अटेम्प्ट सहा, आणि पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसलं तरी एक खर्ची पडतो. ‘सवय म्हणून देऊन बघ’ असं सांगून तिला पाठवू नका.

आता सचिवपद. चांगली रँक काढली की पुढे वर्षं भरत गेल्यावर माणूस सचिव होतो, हा समज चुकीचा आहे. रँकवर सेवा आणि केडर (म्हणजे नेमणुकीचं राज्य) मिळतं, बस्स. सचिवपदाच्या वाटेवरच्या सहसचिवपदासाठी साधारण 16-17 वर्षांनी एम्पॅनलमेंट होते, म्हणजे त्या पदाला पात्र अधिकाऱ्यांच्या यादीत नाव येतं. त्यात गोपनीय अहवाल, दक्षता विभागाचा शेरा, सोबत काम केलेल्यांचा अभिप्राय हे सगळं पाहिलं जातं. 2007च्या बॅचपासून तर त्याआधी केंद्रात उपसचिव किंवा संचालक पातळीवर किमान दोन वर्षं काढलेली असावी लागतात. मुलांच्या शाळेपायी राज्य न सोडणारे इथेच अडकतात. पुढे सचिवपदाच्या यादीत नाव आलं म्हणजे खुर्ची मिळाली असंही नाही, कारण सचिवाची नेमणूक पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची नियुक्ती समिती करते. तिथवर पोचायला तीसेक वर्षं जातात आणि निवृत्ती 60ला. अगदी शेवटच्या संधीत निवड झाली, तर रुजू होताना बत्तिशी उलटलेली. हाती 28 वर्षंही उरत नाहीत. म्हणजे तुमचं ‘घाई नाही’च तुमच्या स्वप्नाच्या मुळावर येतंय. (आणि डोळ्यांसमोर लाल दिव्याची गाडी असेल, तर तो दिवा 1 मे 2017ला उतरला.)

तिला केंद्र सरकारातच जायचं असेल – तिला, तुम्हाला नव्हे – तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षाही यूपीएससीच घेते. वय 21 ते 30, पदवीला संख्याशास्त्र असलं की पुरे. पूर्वपरीक्षा नाही, चार पेपर तिच्याच विषयाचे, सुरुवातीचं मूळ वेतन आयएएसइतकंच, 56,100. काम नमुना सर्वेक्षणं, किंमत निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न अशा आकड्यांचं. जागा मोजक्या असतात, पण अपयश आलं तरी एम.एस्सी. हातात राहते. पुढे नागरी सेवा द्यावीशी वाटलीच, तर वैकल्पिक विषयांत संख्याशास्त्र आहेच.

एम.एस्सी.चा अर्ज तिला भरू द्या. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे, तुम्ही न तपासलेलं.