‘केरबा’ या नावाचे काय करायचे?

आपल्या नावाचा अर्थ वाईट आहे, त्याचा आयुष्यावर परिणाम होईल का आणि ते बदलून टाकावे का, हा प्रश्न माझ्याकडे दोन प्रकारची माणसे घेऊन येतात. बारसे झाल्यावर नातलगांपैकी कोणीतरी शंका काढल्यामुळे धास्तावलेले तरुण आईवडील, आणि स्वतःच्याच नावाची लाज वाटणारे प्रौढ. पहिल्यांची काळजी बहुधा एका भेटीत मिटते. दुसऱ्यांची तशी मिटत नाही, कारण त्यांनी शाळेच्या हजेरीपासून ते ओझे वाहिलेले असते. त्यांच्यापैकी एकाची हकिकत येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि नावही त्याच जातकुळीतले, पण दुसरे घेतले आहे.

केरबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असलेला तरुण. माझ्याकडच्या अर्जावर त्याने नावाच्या रकान्यात ‘के. बी.’ एवढेच लिहिले होते. कचेरीत सगळे त्याला ‘करण’ म्हणत. लग्न ठरले होते, पत्रिका छापायची होती, आणि तिच्यावर ‘चि. करण’ छापावे असा आग्रह धरल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज भरून तयार होता. “मॅडम, केर म्हणजे कचरा. आईबापांनी मला जन्मभर कचरा म्हणून हाक मारली,” हे सांगताना त्याचा आवाज कापत होता.

अशा वेळी ‘नावात काय आहे’ असे म्हणून समोरच्याची बोळवण करणे मला क्रूरपणाचे वाटते. वर्गातले हसणे खरे असते, मुलाखतीतला क्षणभराचा अवघडलेपणाही खरा असतो. म्हणून मी त्याच्या दुःखाशी वाद घातला नाही. हे नाव कोणी आणि का ठेवले, एवढेच विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते. पुढच्या भेटीपूर्वी आईला विचारून यावे, असे मी सुचवले.

आईने सांगितलेले त्याने मोबाइलमध्ये टिपून आणले होते. “तुझ्या आधी दोघं हातातनं गेली. तू झालास तेव्हा तुझ्या आत्यानं तुला सुपात घालून दारामागच्या केरावर ठेवला. शेजारच्या काकूनं उचलला, आत आणला आणि म्हणाली, ‘केरात घावलाय, तुमास्नी पायजे तर घ्या.’ मी तिला पसाभर जोंधळं देऊन तुला इकत घेतला. तवापासनं तू केरबा.” ज्या घरातली मुले जगत नाहीत, त्या घरात नवे बाळ टाकाऊ असल्याचे भासवायचे, म्हणजे मृत्यूची किंवा दुष्ट शक्तीची नजर त्याच्यावर पडणार नाही, अशी ती समजूत. दगडू, धोंडू, भिकाजी, केरू या नावांच्या मागे बऱ्याचदा हीच भीती असते. (अधिक मासाला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यामुळे त्या महिन्यात जन्मल्यावरूनही धोंडू हे नाव पडते. प्रत्येक धोंडूची कथा एकच नसते.)

ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही, हे त्याला कळणे मला आवश्यक वाटले, कारण त्याच्या लाजेत ‘आम्ही मागासलेले’ ही बोचही मिसळलेली होती. मंगोलियात मुलाला ‘नेरगुई’ म्हणजे बिननावाचा, ‘एनेबिश’ म्हणजे हा नव्हे, किंवा ‘हुनबिश’ म्हणजे माणूसच नव्हे, अशी नावे ठेवतात, ती दुष्ट शक्तींची दिशाभूल व्हावी म्हणून. चीनच्या खेड्यांत कुत्र्यानेही खायचे सोडून दिलेला अशा अर्थाचे ‘गोऊशेंग’ हे नाव असे. नायजेरियातील योरुबा लोकांत मात्र आईबाप लपवाछपवी करत नाहीत, ते बाळाचीच विनवणी करतात. तेच मूल पुन्हा पुन्हा जन्मून पुन्हा पुन्हा मरते, अशा मुलाला ते ‘आबिकू’ म्हणतात, आणि तसा संशय असलेल्या बाळाचे नाव ‘मालोमो’, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस, किंवा ‘दुरोजाये’, म्हणजे थांब आणि आयुष्य उपभोग, असे ठेवतात. मालोमो हे नाव ऐकल्यावर केरबा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “म्हणजे माझी आईसुद्धा हेच म्हणत होती?”

माझे उत्तर ‘होय’ असेच होते. शब्दकोशातला अर्थ कचरा असला, तरी ठेवणाऱ्यांच्या मनातला अर्थ ‘हा तरी जगू दे’ एवढाच होता. शिवाय नाव माणसाला खाली ओढते, या समजुतीला आपल्या डोळ्यांसमोरच उत्तरे आहेत. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालेल्या महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो होते, आणि पुण्यात ज्या गणपतीपुढे रांगा लागतात तो दगडूशेठ हलवाई यांच्या नावाने ओळखला जातो.

तरीही सगळ्याच वाईट अर्थांच्या नावांना हे लागू पडते, असे कृपया समजू नये. ‘नकोशी’ हे नाव वरवर केरबाच्या जातीचे दिसते, पण त्यामागचा हेतू अगदी उलटा आहे. मुलीवर मुली झाल्या की पुढचा मुलगा व्हावा म्हणून ते ठेवले जाते. चीनमधले ‘झाओदी’, म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण, हे मुलीचे नाव त्याच पंक्तीतले. केरबाला जगवण्यासाठी नको म्हटले होते, नकोशीला खरोखरच नको म्हटलेले असते. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली, ते मला मनापासून योग्य वाटते. असे नाव असलेली एक शिक्षिका माझ्याकडे आली, तेव्हा हेतू समजून घ्या असे मी तिला म्हटले नाही. हेतू तिला लहानपणापासून ठाऊक होता. मी तिला नाव बदलण्यासाठीच बळ दिले. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात राहेल बाळंतपणात मरताना मुलाचे नाव ‘बेन-ओनी’, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे ठेवते आणि याकोब ते लगेच बदलून ‘बन्यामीन’ करतो. मोठ्यांच्या दुःखाचे ओझे मुलाच्या नावावर राहू नये, ही समज इतकी जुनी आहे, म्हणून नाव बदलणे म्हणजे घराण्याचा अपमान, हा आक्षेप मी मान्य करत नाही.

केरबाचा निर्णय या दोन्हींच्या मधला होता. पत्रिकेवर त्याने ‘चि. केरबा’ छापले आणि ती द्यायला पहिल्यांदा त्या शेजारच्या काकूंकडे गेला. कचेरीत तो अजून करणच आहे, आणि त्याबद्दल मी त्याला कधीही टोकले नाही. राजपत्राचा अर्ज त्याने तूर्त बाजूला ठेवला आहे. पुढे तो द्यायचाच असेल तर पासपोर्ट आणि विवाह नोंदणीच्या आधी द्यावा, म्हणजे आधार, पॅन आणि बँकेच्या नोंदी दोनदा दुरुस्त कराव्या लागणार नाहीत, एवढे मात्र मी त्याला सांगून ठेवले.