शाळेत होते तशी मी राहिलेच नाही, मॅडम

मी समुपदेशन करते आणि दिवाळी झाली की हे वाक्य माझ्याकडे येतंच. डिसेंबरात दहावीच्या बॅचची गेट-टुगेदर असतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर स्नेहसंमेलनाचे जुने फोटो पडायला लागतात आणि चाळीशीतली चांगली कामाधंद्याची माणसं समोर बसून म्हणतात, तेव्हा मी कोणीतरी होतो हो, आता काय उरलंय. आमच्या नाशकातल्या अंबडच्या कंपनीतला सुपरवायझर म्हणतो, गंगापूर रोडची डॉक्टरही म्हणते. म्हणून आज वैशालीबद्दल लिहितेय (नाव बदललंय, लिहायला तिची परवानगी आहे).

वय ४१, १९९८ ची बॅच, शाळेच्या खोखो टीमची कॅप्टन. बॅचला २५ वर्षं झाली म्हणून सगळे जमणार होते आणि हिनं ग्रुप म्यूट करून ठेवलेला.

"का जायचं नाही?"

"विचारतील ना, सध्या काय करतेस. मी सिडकोत घरी चौथीपर्यंतच्या ट्यूशन घेते. बस, एवढंच."

पहिल्या दोन-तीन भेटी कप, पेपरमधला फोटो आणि प्रार्थनेच्या वेळी वाजलेल्या टाळ्या यातच गेल्या. माणसाला १० ते ३० या वयातल्या आठवणी नंतर जास्त येतात, हे अभ्यासातून बऱ्याचदा दिसलंय, त्यामुळे शाळा आठवणं हा काही आजार नाही. पण मी वर्षानुवर्षं एक बघतेय, आठवण फ्रेममध्ये लावली की तिच्यात आपण एकटेच उरतो आणि मग तोच फोटो आपल्याला रोज बोल लावतो.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "कप राहू द्या. त्या फायनलचं एकच मिनिट सांगा, अगदी बारीकसारीक."

ती गप्प झाली. मग सांगायला लागली, गुडघ्याला चिकटलेली तांबडी माती, घामानं सुटलेली रिबन, खांबाजवळचा चौक. बोलता बोलता मध्येच थांबली. "मॅडम, मी तर बसलेलीच होते. खोखोत बसणंच जास्त असतं. आठजणी बसतात, धावते एकच. आणि तिला मागे वळता येत नाही, मग खो द्यावाच लागतो."

"तुम्हाला खो कोणी दिला?"

बराच वेळ गेला. "सुनंदानं. पाठीवर थाप पडली आणि मी उठले, समोरची दोन पावलांवर होती. गडी मी मारला. फोटो माझा आला." आणि ती रडायला लागली. "२५ वर्षांत मी तिला एक फोन नाही केला."

मी काहीच बोलले नाही, ते मिनिट तिचं होतं. पण मला तिथंच लख्ख कळलं की हिला कप परत नको होता, पाठीवरची ती थाप हवी होती. इतक्या वर्षांच्या कामात अशा क्षणांसाठीच मी ही खुर्ची धरून बसलेय असं मला मनापासून वाटतं.

तुम्हालाही असं होत असेल तर बक्षिसांची यादी करू नका. एकच प्रसंग घ्या आणि वहीत लिहा, त्यात वास लिहा, आवाज लिहा, आणि शेजारी कोण होतं ते नक्की लिहा, डबा कोणी दिला, सायकलवर डबलसीट कोणी नेलं. मग त्या माणसाला फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकून भागवू नका. आणि गेट-टुगेदरला "काय करतेस" विचारलं तर आहे ते एका वाक्यात सांगायचं, "फक्त" हा शब्द गाळून. मात्र दोन आठवडे झोप, भूक उडालीय, कशातच जीव लागत नाहीये, तर ते नुसत्या आठवणींवर ढकलू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

वैशाली गेट-टुगेदरला गेली. सुनंदा आलीच नव्हती. मग पुढच्या रविवारी ही एसटीनं सिन्नरला तिच्या घरी गेली, आणि पुढच्या भेटीत मला सांगत होती, "मॅडम, तिला ती फायनल धड आठवतही नाही. तिला काय आठवतंय सांगू? प्रॅक्टिस झाल्यावर मी मैदानात काडीनं त्रिकोण काढून तिला भूमिती शिकवायचे. म्हणाली, तुझ्यामुळे दहावी निघाली माझी."