फ्री कोर्स आणि ओपन कोर्स एकच का?

प्रश्न: जॉब सांभाळून शिकतेय. फ्री कोर्स ढीगभर सापडतात पण सगळे व्हिडिओच, नेट स्लो, डेटा लगेच संपतो. ओपन कोर्स म्हणजे पण हेच ना?

उत्तर: नाही हो ताई, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. फ्री म्हणजे आज बघायला पैसे नाहीत, उद्या कुलूप लावलं तर बसा बोंबलत. ओपन म्हणजे डाउनलोड करा, कॉपी काढा, मैत्रिणीला द्या, बहुतेक वेळा मराठीत भाषांतरही करा (कोर्सच्या लायसन्सवर, म्हणजे वापराच्या परवान्यावर, ‘एनडी’ म्हणजे ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ दिसलं तर मात्र भाषांतर करून वाटता येत नाही, तेवढं बघा). अशी परवानगी आधीच देऊन ठेवणारी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेची लायसन्सं 2002 पासून आहेत.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 2001 मध्ये ओपनकोर्सवेअर ही आपल्या कोर्सच्या साहित्याची खुली वेबसाइट जाहीर केली, तिथे व्हिडिओ सोडून द्या आणि सरळ लेक्चर नोट्स, असाइनमेंट, जुने पेपर यांच्या पीडीएफ उतरवून घ्या, व्हिडिओच्या मानाने डेटा अगदीच किरकोळ लागतो. किविक्स अ‍ॅपमध्ये तर विकिपीडियासुद्धा एकदा वायफायवर उतरवला की नंतर नेटशिवाय वाचता येतो. फक्त सर्टिफिकेट हवं असेल तर ओपनकोर्सवेअर ते देत नाही, त्यासाठी दुसरीकडेच बघावं लागेल.