लशीतलं तेल आणि नीटचा तिसरा फेरा

प्रश्न : मुलगी एकोणीस वर्षांची. दोनदा नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागत नाही. तिसऱ्यांदा बसवून कोट्याला पाठवणार आहोत. ती म्हणते, गुरांच्या लशीची ताकद वाढवणाऱ्या घटकांवर काम करायचंय. आमचा जन्म म्हशींमागे गेला, तिचा जाऊ नये. तिची समजूत आम्ही काढू. नाहीच जमलं, तर असा छोटा कोर्स सांगा. लशीत घालायच्या पावडरीचा धंदा काढून देईन.
– एक वडील, गुहागर तालुका

उत्तर : ‘तिची समजूत आम्ही काढू’ हे वाक्य मला फार खटकलं. समजूत कसली काढताय? दोन वर्षं तीच पुस्तकं घोकूनही या मुलीचं कुतूहल शाबूत आहे. तिसऱ्या वर्षानंतर ते उरेल, याचा भरवसा मी देणार नाही. कोट्याचे पैसे वाचवा, तिला पुन्हा बसवू नका. म्हशींमागे जन्म गेल्याची तुमची खंत खरी आहे, पण ती मागतेय ते काम गोठ्यातलं नाही, प्रयोगशाळेतलं आहे. आणि ज्या घरात म्हशी आहेत त्या घरातली मुलगी पशुवैद्यकीयला दोन पावलं पुढेच असते.

पावडरीचा विचार मात्र आजच सोडा. लशीची ताकद वाढवणारा घटक, म्हणजे ॲडजुव्हंट, कारखान्यातच लशीत घातलेला असतो. लाळ्या-खुरकुताच्या लशीत विषाणू मारलेला असतो. तो नुसता टोचला तर शरीर फारशी दखल घेत नाही. तेलाच्या बारीक थेंबांत धरला की हळूहळू सुटतो, टोचल्या जागी थोडा दाह होऊन संरक्षक पेशी जमतात. ती बाटली दुधासारखी पांढरी दिसते ती या तेलामुळे. गुरांच्या घटसर्पाच्या एका लशीत हेच काम तुरटी करते. तेलाच्या लशीचा असर जास्त टिकतो, पण ती दाट असते, टोचायला जड आणि गाठ येण्याचा संभव अधिक. म्हणून जास्त घातलं की जास्त गुण, असं होत नाही. गाठ, गळू, ताप, दूध आटणं हे सगळं मागोमाग येतं. शेळ्यांच्या पीपीआर या साथीच्या रोगाची लस तर जिवंत विषाणूची. तिला ॲडजुव्हंट लागतच नाही, वरून भलतं काही मिसळलं तर विषाणूच मरायचा. बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठलेली तेलाच्या किंवा तुरटीच्या लशीची बाटलीही बाद : तुरटीचे कण गुठळ्या धरतात, तेल-पाणी फुटतं, कितीही हलवा, पूर्ववत होत नाही. म्हणून ती २ ते ८ अंशांत ठेवायची. हे मिश्रण फुटू न देणं, कमी दाहात जास्त काळ संरक्षण मिळवणं, हाच तिचा अभ्यासाचा विषय.

वाट सरळ आहे. नीटच्याच गुणांवर बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. परळचं किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. गुणयादी एमबीबीएसच्या बरीच खाली उतरते. मग सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी., जमल्यास बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत, आणि संशोधन करायचं तर पीएच.डी. हे आठ ते अकरा वर्षांचं काम आहे, हे तिलाही स्पष्ट सांगा. गुरांना हात लावायचा नसेल, तर बी.फार्म. करून औषधनिर्मितीत एम.फार्म.; तेल-पाण्याचं मिश्रण टिकवायचं शास्त्र तिथे नीट शिकवतात.

यंदाचे गुण हातात आहेत. ‘माफसू’चा, म्हणजे नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचा, अर्ज सुटला की भरा आणि पसंतीक्रम तिला लिहू द्या. डोमिसाइल, आणि लागू असेल तर जातवैधता, आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात खेपा घालून हे दाखले मिळत नाहीत.